मजल आणि मुक्काम : प्रस्तावना

प्रवासवर्णनांची मराठीत वाण नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनाच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात गेले, सत्तावनच्या धामधुमीत सापडले आणि जीव वाचवून घरी परतले. त्यांची ती हकीकत ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली प्रसिद्ध झाली, आणि पुढे गो. नी. दांडेकरांसारख्या भटक्या लेखकाने गडकोटांची व नर्मदातीराची ओढ घरोघरी पोहोचवली. परंतु या साऱ्या वाङ्मयात प्रवासी बहुधा पहिल्या-दुसऱ्या पानावरच उंबरठा ओलांडून गेलेला असतो. त्याने हाच ऋतू का निवडला, कोणाकोणाकडे चौकशी केली, कोणती वाट विचारांती सोडून दिली, पाण्याची आणि रात्रीच्या निवाऱ्याची काय तजवीज केली, याचा तपशील वाचकाच्या हाती क्वचितच लागतो. प्रस्तुत पुस्तक त्या आधीच्या दिवसांविषयी आहे. पायी फिरण्याची आखणी हा फिरण्याचाच पहिला भाग होय, आणि तो मनापासून पार पाडणाऱ्यालाच पुढची वाट आपले रूप पूर्णपणे दाखवते, अशी माझी धारणा आहे. तिच्या पुष्ट्यर्थ पुढील प्रकरणे लिहिली आहेत.

रमणीय स्थळांच्या याद्या करणे सोपे आहे, आणि अशा याद्यांना आज तोटाही नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा कोठे आहे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तथापि वैशाखातल्या टळटळीत दुपारी, घशाला कोरड पडलेल्या अवस्थेत त्या कड्यावर पोहोचलेला मनुष्य, आणि कार्तिकात उन्हे कलताना, पाठीवरचे ओझे गुहेत उतरवून, रात्रीच्या मुक्कामाची विवंचना मिटवून त्याच कड्याच्या काठाशी निवांत बसलेला मनुष्य, हे दोघे एकाच स्थळी आले असे नकाशा म्हणेल. त्यांच्या वाट्याला आलेली सृष्टी मात्र एक नव्हे. याच कड्यावरून दिसणाऱ्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याची, म्हणजे इंद्रवज्राची, कर्नल साइक्स यांनी केलेली नोंद १८३५ सालची आहे. ते दिसावयास समोरच्या दरीत धुके दाटलेले असावे लागते आणि पाठीशी सूर्य कललेला असावा लागतो. असा योग कोणाच्या हुकमाने जुळून येत नाही, हे खरे. पण दरीत धुके भरण्याचा महिना कोणता आणि सूर्य पाठीशी येण्याची वेळ कोणती, हे जाणून त्या महिन्यात, त्या वेळी तेथे हजर राहणे एवढे तरी मनुष्याच्या हाती असते. आखणीचा अधिकार इथपर्यंत चालतो. त्यापुढचे निसर्गाच्या मर्जीवर सोपवावे.

जगातील पायवाटांविषयीचे पुस्तक संगमनेरासारख्या तालुक्याच्या गावी बसून का लिहावे, असा प्रश्न कोणी विचारील तर त्याचे उत्तर या गावाच्या भूगोलातच आहे. प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेले हे गाव दख्खनच्या पठारावरचे असले, तरी सह्याद्री त्याच्या हाकेच्या अंतरावर उभा आहे. उत्तरेस कळसूबाईची रांग, दक्षिणेस बाळेश्वराचे डोंगर आणि त्यांच्या माथ्यावरचा, आमच्याकडे नुसता ‘पठार’ म्हणून ओळखला जाणारा कोरडा मुलूख, आणि पश्चिमेस अकोले तालुक्यातून थेट घाटमाथ्याला भिडणारे प्रवरेचे खोरे, अशी ही रचना आहे. संगमनेरास वर्षाकाठी पडणारा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. तोच घाटघरास पाच हजारांच्या आसपास जातो, आणि या दोन गावांमधील अंतर शंभर किलोमीटरदेखील नाही. इथले आकाश निरभ्र पाहून घोंगडी घरी ठेवणारा मनुष्य राजूरच्या पुढे चिंब भिजतो, आणि भंडारदऱ्याची हिरवाई डोळ्यांत घेऊन श्रावणात बाळेश्वराकडे निघणाऱ्याला माळरानावर उन्हाचा चटका बसतो. आपल्या ओसरीवरचे हवामान हे वाटेवरचे हवामान नव्हे, हा पायी प्रवासातला पहिला धडा जगाच्या पाठीवर कोठेही गिरवावा लागतो. संगमनेरकराला तो घरबसल्या मिळतो.

या मुलखाच्या इतिहासातही वाटेच्या ज्ञानाला मोठा मान आहे. १६७९ साली जालन्याची पेठ लुटून शिवाजीमहाराज परत फिरले असता मोगलांच्या फौजेने त्यांना संगमनेरच्या परिसरात गाठले. निकराची झुंज झाली. सिधोजी निंबाळकरांसारखा मातबर सरदार पडला. लुटीचे ओझे बरोबर, पाठीवर नव्याने येणाऱ्या फौजा, अशा बिकट प्रसंगी बहिर्जी जासुदाने आडवाटेने काढून नेण्याची हमी घेतली आणि तीन रात्री व तीन दिवस मजल मारून महाराजांना पट्टा किल्ल्यावर पोहोचवले, असे सभासदाची बखर सांगते. तेथे महाराजांनी विश्रांती घेतली, म्हणून पट्ट्याचे नाव विश्रामगड पडले. या प्रसंगाचे वर्णन करताना आपण बहुधा बहिर्जीच्या धाडसाचे गुण गातो. मला त्याहून मोलाचे वाटते ते त्याचे आधीचे काम. ऐन आणीबाणीत, काळोखात, थकलेल्या फौजेला ज्या वाटेने त्याने नेले, ती वाट त्याला त्या रात्री सुचलेली नसणार. कोणत्या खिंडीतून घोडे जातात, कोणत्या ओढ्याला मार्गशीर्षातही पाणी असते, कोणत्या वस्तीवर भरवसा ठेवता येतो, ही खबर त्याने फुरसतीच्या दिवसांत पायाखाली घालून जमवलेली असली पाहिजे. आपल्या भटकंतीवर राज्य अवलंबून नसते, हे उघड आहे. परंतु फुरसतीत जमवलेली माहिती अडचणीत कामी येते, हा न्याय दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

संगमनेरचेच शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) यांनी आपल्या उपदेशपर फटक्यात सरळ रस्ता सोडून अवघड वाटेस न लागण्याचे बजावले आहे. तो उपदेश संसाराला उद्देशून आहे, डोंगराला नव्हे. तरी डोंगरातही तो अक्षरशः पाळण्याजोगा आहे असे मी म्हणेन. सह्याद्रीत हरवलेल्या, अडकलेल्या माणसांच्या कथा ऐकाव्यात तर त्यांतल्या बहुतेकांचा आरंभ एकाच जागी होतो: मळलेली वाट वळसा घेत होती, खालचे गाव समोर दिसत होते, म्हणून मधूनच उतरण्याचा मोह झाला. आमच्या डोंगरांची घडण थराथरांच्या काळ्या पाषाणाची आहे. वरून पाहणाऱ्याला गवताचे उतार एकसंध दिसतात, आणि दोन उतारांच्या मध्ये दडलेला शंभर-दोनशे फुटांचा सरळ कडा त्याच्या टोकाशी पोहोचेपर्यंत दृष्टीस पडत नाही. वाट वळसा घेते ती या कड्यामुळे.

दीर्घ पायी प्रवासाची रीतसर व्यवस्था लावणे ही गोष्ट आपण पाश्चात्त्यांकडून शिकलो, असा एक समज आहे. तो निराधार आहे. पंढरीच्या वारीकडे पाहावे. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लावली. दिंड्यांचा क्रम, विसाव्याच्या जागा, रात्रीचे तळ, कोणत्या तिथीला कोठे पोहोचावयाचे याचा जाबता, हे सारे ठरलेले, आणि लक्षावधी माणसे त्या ठरावानुसार आषाढीपूर्वी पंढरपुरास पोहोचतात. त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी आमच्या तालुक्यातील पारेगावावरून पुढे जाते, तेव्हा तळावर घटकाभर उभे राहून पाहावे. पाण्याचा टँकर कोठे लागतो, स्वयंपाकाची चूल वाऱ्याच्या कोणत्या अंगाला मांडतात, पायाला फोड आलेल्या म्हाताऱ्याला कोण पुढच्या गाडीत बसवते, पहाटे अंधारात तंबू उतरवून सामानाची गाडी दिंडीच्या आधी पुढच्या मुक्कामी कशी जाते, हे ज्याने लक्षपूर्वक पाहिले त्याला पंधरवड्याच्या पदयात्रेची आखणी निराळी शिकवावी लागत नाही. नर्मदेची परिक्रमाही अशीच. तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस हा तिचा परंपरागत अवधी. नदी सदैव उजव्या हाताला ठेवावयाची, ती ओलांडावयाची नाही, आणि चातुर्मासात एका जागी थांबावयाचे. हा अखेरचा नियम धर्माचा म्हणून पाळला जातो. नद्या-नाले तुडुंब भरलेले असताना चालू नये, हे व्यवहारज्ञानही त्यात सामावलेले आहे.

आता एका प्रत्यक्ष वाटेचा हिशेब मांडून दाखवतो, कारण सामान्य नियमांपेक्षा एक वाट जवळून पाहिल्याने अधिक बोध होतो. रतनगडावरून निघून कात्राबाईच्या खिंडीने कुमशेतला उतरावयाचे, तेथून पेठेच्या वाडीवरून पाचनईस जावयाचे, हरिश्चंद्रगड चढून मुक्काम करावयाचा आणि टोलार खिंडीने खिरेश्वरास उतरून जुन्नर तालुक्यात बाहेर पडावयाचे, अशी ही तीन-चार दिवसांची वाट सह्याद्रीतील रमणीय वाटांत गणली जाते, आणि ती योग्यच गणली जाते. रतनवाडीचे अमृतेश्वराचे शिल्पसमृद्ध मंदिर, गडाच्या माथ्यावरचे वारा खेळवणारे नेढे, खिंडीपर्यंतचे घनदाट रान, मुळेच्या उगमाकडचे एकाकी खोरे आणि शेवटी हरिश्चंद्रेश्वराचे राऊळ, केदारेश्वराच्या गुहेतले गार पाण्यात उभे असलेले लिंग, अशी ही सामग्री आहे. नवखा मनुष्य इथेच थांबतो आणि सुटीचे दिवस मोजू लागतो.

जाणता मनुष्य आधी पाणी विचारतो. पावसाळा संपता संपता या वाटेवर पावलोपावली झरे असतात; तेच माघ उलटल्यावर आटत जातात, आणि मग गडावरच्या टाक्यांखेरीज आणि गावच्या विहिरींखेरीज आधार उरत नाही. टाक्यांतलेही प्रत्येक पाणी पिण्याचे नसते. कोणते टाके पिण्याचे हे पायथ्याच्या गावाला माहीत असते, पुस्तकाला ते दरवर्षी अचूक सांगता येत नाही. नंतर उजेड. मार्गशीर्षात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण डोंगराच्या पूर्वेकडील रानात त्याच्या बऱ्याच आधी अंधारून येते. म्हणून कुमशेतला दिवस बुडायच्या आत पोहोचावयाचे तर खिंड माध्यान्हापूर्वी मागे पडली पाहिजे, आणि तसे व्हावयाचे तर सकाळी कूच केव्हा करावयाचे हे उलटे मोजत यावे लागते. उलट मोजण्याची ही पद्धत मी सर्वांत महत्त्वाची समजतो. निघण्याच्या वेळेपासून पुढे मोजणारा मनुष्य वाटेतल्या प्रत्येक विलंबाला क्षमा करीत जातो आणि शेवटी अंधारात सापडतो.

अंतर मोजण्यातही असाच घोटाळा होतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारांत एक या प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. दोऱ्याने वाट मोजली की आकडा हाती येतो आणि मनुष्य निश्चिंत होतो. पण नकाशाचा कागद सपाट असतो. त्यावरच्या समोच्च रेषा वीस-वीस मीटरांच्या चढाच्या असतात, त्या मोजल्याशिवाय वाटेची खरी किंमत कळत नाही. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सुटसुटीत नियम सांगितला: दर तीन मैलांना एक तास, आणि शिवाय दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. १६४६ मीटर उंचीची कळसूबाई ही महाराष्ट्रातील सर्वोच्च जागा. बारी गावातून तिचा चढ आठशे मीटरांहून थोडा अधिक आहे, तेव्हा नुसत्या चढापायीच या नियमाने सव्वा तासाहून अधिक वेळ वाढतो. आणि नेस्मिथचा हिशेब थंड हवेतल्या, सराईत, हलक्या ओझ्याच्या माणसाचा आहे. आमच्या उन्हात, पाठीवर तीन लिटर पाणी घेतलेल्या, आठवडाभर खुर्चीत बसलेल्या माणसाने त्याच्या दीडपट वेळ धरावा.

राहता राहिली चौकशी. वाटेतल्या गावकऱ्याला ‘किती लांब आहे?’ असे विचारले तर ‘हे काय, इथंच’ असे उत्तर मिळते, आणि शहरातला मनुष्य त्याला फसवणूक समजतो. फसवणूक त्यात काहीच नाही. ज्याचे पाय रोज त्या वाटेने जातात त्याला ती खरोखरच जवळ आहे. प्रश्न बदलावा. डोक्यावर लाकडाचा भारा असला तर किती वेळ लागतो, बाजाराला निघालेली म्हातारी माणसे कोंबडा आरवल्यावर निघून कोठवर न्याहारी करतात, गुरे शेवटचे पाणी कोठे पितात, असे विचारले की महादेव कोळी किंवा ठाकर वस्तीवरचा कोणीही मनुष्य असा बिनचूक तपशील सांगतो की त्यापुढे छापील नकाशा फिका पडावा. आणि एक गोष्ट तो न विचारताही सांगतो, ती मात्र कानाआड करू नये: कड्याला आग्यामोहोळ बसले असेल तर त्या अंगाला धूर करू नये, आरडाओरडा करू नये, आणि अंगाला अत्तर-सुगंध लावून तर मुळीच जाऊ नये.

पुस्तकाच्या दुसऱ्या भागात परदेशांतील वाटा घेतल्या आहेत. त्या वाटांचे वर्णन करताना माझे लक्ष तेथील शोभेइतकेच तेथील व्यवस्थेकडे आहे. स्वित्झर्लंडमध्ये सुमारे पासष्ट हजार किलोमीटर लांबीच्या पायवाटांवर खुणा केलेल्या आहेत; तेथील पिवळ्या पाट्यांवर स्थळाच्या नावापुढे किलोमीटर लिहिलेले नसतात, चालत लागणारा वेळ लिहिलेला असतो, आणि वाट साधी आहे, डोंगरी आहे की केवळ अनुभवी माणसाची आहे हे पट्ट्यांच्या रंगावरून कळते. न्यूझीलंडमधील मिलफर्ड ट्रॅक ५३.५ किलोमीटरांचा आणि चार दिवसांचा. हंगामात तो एकाच दिशेने चालावा लागतो, ठरलेल्या झोपड्यांतच मुक्काम करावा लागतो आणि त्या झोपड्यांतली जागा आधीच राखून ठेवावी लागते. पेरूमधील इंका वाटेवर हमाल आणि वाटाडे धरून दिवसाला पाचशेच माणसांना प्रवेश, आणि फेब्रुवारी महिनाभर ती वाट दुरुस्तीसाठी बंद. माँ ब्लाँ पर्वताभोवतीची सुमारे १७० किलोमीटरांची प्रदक्षिणा फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून जाते. तेथील पांथस्थगृहे उन्हाळ्याच्या तीनेक महिन्यांपुरतीच उघडी असतात, तेव्हा मे महिन्याच्या सुटीत ती करू म्हणणाऱ्या मराठी कुटुंबाला खिंडींत बर्फ आणि घरांना कुलपे एवढेच दिसेल. आपली सुटी आणि तेथील ऋतू यांचा मेळ बसतो की नाही, हे विमानाचे तिकीट काढण्याआधी पाहावयाचे असते.

स्पेनमधील सांतियागोची यात्रा आम्हां वारकऱ्यांच्या मुलखातल्या वाचकाला विशेष जवळची वाटेल. फ्रान्सच्या सीमेपासून सुमारे ७८० किलोमीटर चालत जावयाचे, गावोगावी यात्रेकरूच्या पुस्तिकेवर शिक्का घ्यावयाचा, आणि निदान अखेरचे शंभर किलोमीटर पायी आल्याचे दाखवले की देवस्थानचे प्रमाणपत्र मिळते. जपानमधील कुमानो कोदो ही अशीच तीर्थवाट. २००४ साली तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. इंग्लंडमधील कथा निराळी आहे. तेथील माळरानांवर जमीनदारांनी मज्जाव केलेला असताना २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउट या डोंगरावर कामगार तरुणांनी मनाई मोडून सामुदायिक चढाई केली. पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागातील प्रवेशाचा कायदा झाला, आणि १९६५ साली पेनाइन वे ही पहिली दीर्घ राष्ट्रीय पायवाट खुली झाली. पायवाट ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिला दप्तरात नोंद हवी आणि तिच्या डागडुजीला पैसा हवा, हा विचार त्या देशाने झगडून मिळवला आहे. आमच्याकडे वाट चालते ती शेतकऱ्याच्या बांधावरून, वनखात्याच्या हद्दीतून आणि गावाच्या सौजन्यावर. तेव्हा परवानगीची भाषा इथे अधिकच जपून वापरली पाहिजे.

उंचीविषयी मात्र आमच्या सह्याद्रीचा अनुभव कामी येत नाही, उलट घात करतो. कळसूबाई धावत चढणाऱ्या तरुणाला हिमालयात आपले पाय तसेच चालतील असे वाटते, आणि पाय चालतातही. अडचण श्वासाची असते. तीन हजार मीटरांच्या वर रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये आणि अधूनमधून एक पूर्ण दिवस विसावा घ्यावा, हा नियम दमदार माणसालाही लागू आहे. नेपाळकडे निघालेल्या कोणाही मराठी मंडळाने आखणीत हे विसाव्याचे दिवस पहिल्याने मांडावेत आणि शिखरे नंतर.

आता एका मनोदयाविषयी, ज्याच्यासाठी खरे पाहता हे सारे पुस्तक लिहिले गेले. प्रवरा रतनगडाच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे दोनशे किलोमीटर वाहून नेवासे तालुक्यात प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. माँ ब्लाँच्या प्रदक्षिणेहून ही लांबी थोडी अधिकच आहे, आणि वाटेवर जे आहे त्याला तोड नाही. उगमाशी अमृतेश्वर, मग १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण, रंधा धबधबा, निळवंड्याचा जलाशय, अकोल्यास अगस्ती ऋषींचा आश्रम आणि सिद्धेश्वराचे प्राचीन मंदिर, संगमनेरचे घाट, ओझरचा बंधारा आणि तेथून फुटणारे कालवे, आश्वी, कोल्हार, बेलापूर ही बागायतीची गावे, वाटेवरून थोडे बाजूला, १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला ते प्रवरानगर, आणि अखेरीस नेवासे, जेथे ज्ञानेश्वरांनी गीतार्थ सांगितला. घनदाट रानापासून भाताच्या खाचरांपर्यंत, नागली-वरईच्या उतारांपासून उसाच्या फडांपर्यंत, एका जिल्ह्याचे अवघे जीवन या एका नदीकाठाने चालत जाऊन पाहता येते. ही वाट अखंड अशी आज कोणी आखलेली नाही. तुकडे आहेत, गाडीवाटा आहेत, कालव्याच्या भरावावरचे रस्ते आहेत; ते जोडावयाचे आहेत.

या वाटेची आखणी करताना जे प्रश्न पडतात ते फार वास्तव आहेत. कार्तिक ते माघ हा काळ हवेला उत्तम, परंतु तोच गळिताचा हंगाम. संगमनेरच्या खाली रस्त्यांवर उसाने भरलेल्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते, म्हणून डांबरी रस्ता टाळून कालव्याची बाजू धरावी. उसाच्या फडांत बिबट्याचा वावर आहे. तेव्हा पहाटेच्या अंधारात आणि तिन्हीसांजेला फडाकडेने चालू नये, लहान मुलांना मागे सोडू नये. वारकऱ्याप्रमाणे अंधारात कूच करण्याची हौस या खोऱ्यात आवरती घ्यावी आणि ऊन अंगावर येईपर्यंत मुक्कामीच थांबावे. मुक्काम मंदिरांच्या ओवऱ्यांत, शाळांच्या पडव्यांत, क्वचित एखाद्या बागायतदाराच्या खळ्यावर मिळू शकतो. मात्र प्रत्येक ठिकाणी आधी जाऊन विचारलेले असावे. ‘पाहुणे आले तर हरकत नाही’ असे गाव म्हणते ते चार माणसांना उद्देशून. चाळीस माणसांचा जथा न कळवता येऊन थडकला तर विहिरीवर, चुलीवर आणि गावाच्या मनावर त्याचा ताण पडतो.

हा ताण काय असतो, हे भंडारदऱ्याच्या परिसरात दरवर्षी ज्येष्ठाच्या तोंडावर पाहावयास मिळते. पावसाच्या आधीच्या त्या दिवसांत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजव्यांची लाखो ठिणग्यांची आरास उजळते, आणि ती पाहण्यासाठी शहरांतून मोटारींच्या रांगाच्या रांगा अरुंद रस्त्यावर येतात. काजव्याचा प्रकाश हे त्याचे जोडीदारास बोलावणे असते. मोटारींच्या दिव्यांच्या झोतात आणि हातातल्या विजेऱ्यांच्या उजेडात ते बोलावणे हरवते. झाडाखाली गवतात बसलेल्या माद्या पायांखाली चिरडतात. हा सारा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत येतो, म्हणून नियम आहेत. परंतु प्रत्येक झाडापाशी पहारा ठेवणे कोणत्याही खात्याला शक्य नाही. मला या बाबतीत स्पष्टच लिहावयाचे आहे: ज्या आठवड्यात गर्दी लोटलेली असेल त्या आठवड्यात न जाणे, हाही आखणीचाच भाग आहे, आणि पुष्कळदा तोच सर्वांत उत्तम भाग असतो. अभयारण्यात इतरत्र, ऐन चंपाषष्ठीच्या सुमारास, एखाद्या आडगावच्या खळ्यावर भाताची मळणी चाललेली पाहत बसण्याचे सुख कमी नाही, आणि त्याला प्रवेशाची रांगही लागत नाही.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडे. पहिल्या भागात संगमनेर, अकोले, जुन्नर आणि सिन्नर या तालुक्यांतील वाटा आहेत. पहिलीच वाट पेमगिरीची घेतली आहे, कारण ती अर्ध्या दिवसात होते, लहान मुलांना झेपते, शहाजीराजांनी १६३२-३३ च्या सुमारास जेथे बाल मूर्तझा निजामशहाला तख्तावर बसवून कारभार आपल्या हाती घेतला तो गड तिच्यात पाहता येतो, आणि परतीच्या वाटेवर गावच्या प्रसिद्ध महावटवृक्षाच्या सावलीत शिदोरी सोडता येते. दुसरा भाग हिमालयाचा आणि परदेशांचा. तिसऱ्या भागात प्रवरेच्या वाटेचे टप्पे, माझ्या समजुतीप्रमाणे, मांडले आहेत. सामानाच्या लांबलचक याद्या जाणूनबुजून दिलेल्या नाहीत. पाणी, शिधा, विजेरी, शिट्टी, कोरडे कपडे आणि घरी कोणापाशी तरी ठेवलेला, कोणत्या दिवशी कोठे असू हे लिहिलेला कागद, एवढे असले की बाकीचे ज्याच्या त्याच्या पाठीच्या ताकदीवर सोडावे. त्या कागदाची सवय मात्र प्रत्येकाने लावून घ्यावी. वाट चुकलेल्या माणसाचा शोध कोठून सुरू करावा, हे त्यावरूनच कळते.

वाटा बदलतात. टाके गाळाने भरते, दरड कोसळून खिंड बुजते, जुनी गाडीवाट डांबरी होते, ओवरीला कुलूप लागते. या पुस्तकात लिहिलेली एखादी वाट आपण चाललात आणि ती येथील वर्णनाशी जुळली नाही, तर काय बदलले ते गावाचे नाव, महिना आणि वर्ष घालून प्रकाशकांच्या पत्त्यावर कृपया लिहून पाठवावे. विशेषतः प्रवरेच्या काठी आश्वीपासून बेलापूरपर्यंतच्या गावांतील वाचकांनी आपापल्या शिवारातून नदीकाठाने पायी जाता येते किंवा नाही, पावसाळ्यानंतर ओढे कोठे अडवतात आणि रात्रीच्या मुक्कामास कोणती जागा मिळू शकेल, एवढे तीन प्रश्न मनावर घ्यावेत. पुढील आवृत्तीत तिसरा भाग त्यांच्याच माहितीवरून नव्याने लिहावयाचा आहे.

संगमनेर
लेखक